घटक ३ : करहाटची राजकन्या आणि काश्मीरचे कवी
(काश्मिरी साहित्यपरंपरा आणि मराठी प्रदेश)

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास,

• काश्मिरी साहित्यपरंपरेतील संस्कृत आणि लोकभाषा हे दोन प्रवाह स्पष्ट करता येतील.
• काश्मीर आणि मराठी प्रदेश यांच्यातील प्राचीन व मध्ययुगीन वाङ्मयीन संबंधांची उदाहरणे सांगता येतील.
• बिल्हणाचे ‘विक्रमांकदेवचरित’ आणि कल्हणाची ‘राजतरंगिणी’ यांची तुलना करता येईल.
• लल्लेश्वरी आणि मराठी संत कवयित्री यांच्यातील साम्य व भेद मांडता येतील.
• ‘प्रभाव’ आणि ‘साम्य’ या दोन संकल्पनांतील फरक ओळखता येईल.

३.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो,

मागील घटकात आपण भारतीय साहित्य ही संकल्पना समजून घेतली. प्रत्येक भाषेचे साहित्य स्वतंत्र असते, तरी ते एकटे नसते, हे आपण तेथे पाहिले. या घटकात त्याचीच एक कसोटी घ्यावयाची आहे. काश्मीर आणि कोल्हापूर ही दोन टोके. अंतर दूरचे, हवामान वेगळे, भाषा वेगळी, लिपी वेगळी. अशा दोन प्रदेशांच्या साहित्यात काही नाते असू शकेल का?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या अगदी जवळ आहे. कोल्हापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर, कृष्णा-कोयनेच्या संगमावर कराड आहे. त्याचे प्राचीन नाव करहाट. शिलाहार राजवंशाची जी शाखा पुढे कोल्हापूर-पन्हाळा परिसरात नांदली, तिची सत्ता अकराव्या शतकात करहाट परिसरावर होती. या घराण्यातील एका राजकन्येचे वर्णन एका काश्मिरी कवीने आपल्या महाकाव्यात केले. त्यानंतर काही दशकांनी दुसऱ्या काश्मिरी कवीने आपल्या इतिहासग्रंथात तिच्याविषयी एक विलक्षण प्रसंग नोंदवला. आपल्या परिसरातील एक स्त्री अशा प्रकारे काश्मीरच्या दोन अभिजात ग्रंथांत आली आहे. मात्र दोन्हीकडे तिच्याविषयी इतरच बोलतात, तिचा स्वतःचा आवाज कोठेच ऐकू येत नाही. हा आवाज साहित्यात केव्हा आणि कोणत्या भाषेतून आला, या प्रश्नाच्या अनुषंगाने आपण काश्मिरी साहित्याचा इतिहास अभ्यासणार आहोत.

३.३ विषय विवेचन

३.३.१ काश्मिरी साहित्यातील दोन प्रवाह

‘काश्मिरी साहित्य’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ काश्मीरमध्ये निर्माण झालेले साहित्य असा आहे. त्यात संस्कृत साहित्याचा वाटा फार मोठा आहे. आनंदवर्धन, अभिनवगुप्त, मम्मट, क्षेमेंद्र हे साहित्यशास्त्रकार, सोमदेव हा कथाकार, बिल्हण व कल्हण हे कवी, हे सर्व काश्मीरचे. पुढे तेथे फारसीतही विपुल लेखन झाले. दुसरा अर्थ काश्मिरी भाषेतील साहित्य असा आहे. तेराव्या शतकाच्या सुमारास शितिकंठाच्या ‘महानयप्रकाश’ या ग्रंथात या भाषेचे जुने रूप दिसते. चौदाव्या शतकात लल्लेश्वरीच्या वाणीतून ती काव्याची भाषा म्हणून सिद्ध होते.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही मांडणी अपरिचित वाटणार नाही. आपल्याकडेही संस्कृत व प्राकृतातील निर्मिती आधी झाली आणि बाराव्या-तेराव्या शतकांत लोकभाषा ग्रंथभाषा झाली. दोन्ही प्रदेशांत हा बदल जवळपास एकाच काळात घडला, हे आपण लक्षात ठेवावे.

३.३.२ प्रतिष्ठान ते काश्मीर : गाथा आणि कथा

या दोन प्रदेशांचे वाङ्मयीन संबंध बिल्हणाच्याही आधीचे आहेत. त्यांपैकी दोन उदाहरणे महत्त्वाची आहेत.

पहिले उदाहरण गाथांचे. सातवाहन राजा हाल याच्या नावाशी निगडित ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील गाथांचा संग्रह आपणास परिचित आहे. गोदाकाठचे ग्रामजीवन, शेते आणि स्त्री-पुरुषांचे चतुर संवाद त्यात येतात. नवव्या शतकात, अवंतिवर्म्याच्या काळात, काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे सूचित अर्थ, हा सिद्धांत मांडताना त्याने ज्या उदाहरणांचा आधार घेतला, त्यांत या प्राकृत गाथा आहेत. एका प्रसिद्ध गाथेत एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते, की तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीतील सिंहाने मारले आहे, आता तू निर्धास्त हिंड. वाच्यार्थ ‘ये’ असा आहे, पण सूचित अर्थ ‘इकडे फिरकू नकोस’ असा आहे. तिच्या संकेतस्थळी कोणी येऊ नये, एवढेच तिला हवे आहे. भारतीय साहित्यशास्त्रातील एक श्रेष्ठ सिद्धांत समजावून देण्यासाठी काश्मीरच्या पंडिताला गोदाकाठच्या या खेडवळ स्त्रीचे चातुर्य उपयोगी पडले. आनंदवर्धनाने स्वतःही ‘विषमबाणलीला’ हे काव्य प्राकृतात रचले होते.

दुसरे उदाहरण कथांचे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत होती आणि परंपरा तिचा संबंध प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजसभेशी जोडते. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यातील कथा आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः अकराव्या शतकातील दोन काश्मिरी ग्रंथांमुळे. हे ग्रंथ म्हणजे क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’ आणि सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’. सोमदेवाने आपला ग्रंथ अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी रचला. त्याचे १८ लंबक आणि १२४ तरंग आहेत.

‘कथासरित्सागरा’त विद्याधर जीमूतवाहनाची कथा आहे. एका नागाचा जीव वाचविण्यासाठी हा राजपुत्र स्वतः शिळेवर बसून गरुडाचे भक्ष्य होतो. शिलाहार राजे आपल्या कोरीव लेखांत स्वतःला याच जीमूतवाहनाचे वंशज म्हणवतात. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार, अशी या नावाची पारंपरिक उपपत्ती दिली जाते. पंचगंगेच्या खोऱ्यातील राजवंश ज्या पूर्वजाचा अभिमान बाळगत होता, त्याचीच कथा काश्मीरची राणी ऐकत होती. कथा कशा प्रवास करतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

३.३.३ बिल्हण आणि ‘विक्रमांकदेवचरित’

बिल्हणाचा जन्म श्रीनगरजवळच्या खोनमुख या गावी झाला. त्याच्या पित्याचे नाव ज्येष्ठकलश आणि आईचे नाव नागादेवी. घराणे विद्वानांचे होते. कलश राजाच्या काळात त्याने काश्मीर सोडले. मथुरा, कनौज, प्रयाग, काशी, गुजरात, सोमनाथ असा प्रवास करीत तो दक्षिणेत आला आणि अखेर कल्याणीच्या चालुक्य दरबारी स्थिरावला. तेथील राजा सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६–११२६) याने त्याला ‘विद्यापती’ ही पदवी दिली. या आश्रयदात्याचे चरित्र म्हणून त्याने १८ सर्गांचे ‘विक्रमांकदेवचरित’ हे महाकाव्य रचले. शेवटच्या सर्गात कवीने आपले गाव, घराणे आणि प्रवास यांविषयी लिहिले आहे. संस्कृत कवी स्वतःविषयी सहसा फार बोलत नाहीत, त्यामुळे हा सर्ग मोलाचा ठरतो. गाव सोडून पोटासाठी आणि कीर्तीसाठी दूर गेलेल्या माणसाची ओढ त्यात जाणवते.

या काव्याचे सातवा ते नववा हे सर्ग आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. सातव्या सर्गात वसंताचे वर्णन, आठव्यात करहाटच्या राजकन्येच्या, चंद्रलेखेच्या, सौंदर्याचे वर्णन आणि नवव्यात तिचे स्वयंवर आहे. नाना देशांचे राजे मंडपात बसले आहेत, प्रतिहारी एकेकाचा परिचय करून देते, राजकन्या पुढे सरकते आणि शेवटी विक्रमादित्याच्या गळ्यात माळ घालते. कोरीव लेखांत ही राणी चंदलदेवी या नावाने येते. इतिहासकार तिला सामान्यतः शिलाहार राजा मारसिंह याची कन्या मानतात.

हे स्वयंवर खरोखर असे घडले असेल काय? येथे वाचकाने सावध राहावयास हवे. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गातील इंदुमतीचे स्वयंवर ज्याने वाचले आहे, त्याला बिल्हणाचा नमुना लगेच ओळखता येतो. करहाटचे शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक होते. सार्वभौम राजाशी मांडलिकाच्या कन्येचा विवाह होणे ही दोन्ही घराण्यांच्या सोयीची राजकीय घटना होती. विवाह झाला, हे खरे. मात्र देशोदेशीचे राजे तेथे आले आणि राजकन्येने त्यांतून मुक्तपणे निवड केली, हा महाकाव्याचा संकेत असण्याचा संभव अधिक आहे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. विक्रमादित्य गादीवर आला तो थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर याला पदच्युत करून. ही गोष्ट बिल्हणाला लपविता येत नव्हती. म्हणून त्याने असे दाखविले, की विक्रमादित्याला भावाविरुद्ध लढावयाचे नव्हते, पण प्रत्यक्ष शिवाने स्वप्नात येऊन आज्ञा केली. अशा रीतीने राज्यहरणाचा दोष दैवी आज्ञेखाली झाकला जातो. याच काव्याच्या आरंभी बिल्हण राजांना बजावतो, की रामाची कीर्ती आणि रावणाची अपकीर्ती ही आदिकवीमुळे झाली, म्हणून राजांनी कवींना दुखवू नये. कवी स्वतःचे सामर्थ्य ओळखून आहे आणि त्या सामर्थ्याची किंमतही त्याला ठाऊक आहे. आश्रित कवीच्या काव्याचा इतिहासासाठी आधार घेताना हे भान ठेवावे लागते.

या काव्याचे हस्तलिखित १८७४ मध्ये जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर यांना जैसलमेरच्या जैन ग्रंथभांडारात मिळाले. ब्यूलर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापक राहिले होते. त्यांनी संपादित केलेली आवृत्ती १८७५ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाली. काश्मिरी कवीने करहाटविषयी लिहिलेले काव्य राजस्थानच्या वाळवंटात जपले गेले आणि मुंबईत छापले गेले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

अ) योग्य पर्याय निवडा.
१. ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथाचा कर्ता कोण?
 (अ) मम्मट (ब) आनंदवर्धन (क) क्षेमेंद्र (ड) सोमदेव
२. करहाटच्या राजकन्येचे स्वयंवर ‘विक्रमांकदेवचरिता’च्या कोणत्या सर्गात येते?
 (अ) पहिल्या (ब) सातव्या (क) नवव्या (ड) अठराव्या
आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
३. शिलाहार राजे स्वतःला कोणाचे वंशज म्हणवीत?

३.३.४ कल्हण आणि ‘राजतरंगिणी’

कल्हणाने ‘राजतरंगिणी’ हा ग्रंथ ११४८ ते ११५० या काळात रचला. त्याचे आठ तरंग असून त्यांत काश्मीरच्या राजांचा इतिहास आहे. कल्हणाचा पिता चंपक हा काश्मीरचा राजा हर्ष (कारकीर्द १०८९–११०१) याचा मंत्री होता. हर्षाच्या अंतानंतर घराण्याचे राजकीय वैभव ओसरले. कल्हण दरबारी कवी झाला नाही. भूतकाळ सांगताना कवीने राग आणि लोभ दूर ठेवून न्यायाधीशासारखे बोलावे, असे तो ग्रंथारंभी म्हणतो. आधीच्या अकरा ग्रंथांचा आणि ‘नीलमतपुराणा’चा आपण उपयोग केला, दानपत्रे व शिलालेख पाहिले, असेही तो नोंदवितो.

सातव्या तरंगात हर्षाची कारकीर्द येते. हर्ष स्वतः विद्वान, कलासक्त आणि उदार होता, परंतु पुढे तो अत्याचारी झाला. त्याने देवालये लुटली आणि प्रजेवर जबर कर लादले. कल्हण त्याचे गुण आणि दोष दोन्ही सांगतो. हर्षाला दाक्षिणात्य वेशभूषेची आवड होती आणि त्याने कर्नाटकाच्या धर्तीवर नाणे पाडले, अशीही नोंद तो करतो. येथे ‘कर्नाटक’ म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होय. त्यात त्या काळी आपला प्रदेशही मोडत होता.

याच तरंगात आपली राजकन्या पुन्हा भेटते. हर्षाने कर्नाटकाच्या राजाची राणी चंदला हिचे चित्र पाहिले आणि तो तिच्यावर मोहित झाला. कर्नाटकाच्या राजाचा पराभव करून तिला मिळवीन, अशी प्रतिज्ञा त्याने भर सभेत केली. खुशामतखोरांनी त्याला भरीस घातले. चित्रातील राणीच्या वस्त्राभूषणांच्या नावाने एका अधिकाऱ्याने राजाकडून द्रव्य उकळले. प्रतिज्ञा अर्थातच पुरी झाली नाही. कल्हण हा प्रसंग उपहासाने सांगतो आणि त्यातून राजाची बुद्धी कशी भ्रष्ट झाली होती, हे दाखवितो.

बिल्हणाविषयीही कल्हणाने लिहिले आहे. कलशाच्या काळात हा कवी काश्मीर सोडून गेला, कर्नाटकाच्या राजाने त्याला ‘विद्यापती’ केले, पण पुढे हर्ष कवींवर किती उदार आहे हे ऐकून त्याला आपले वैभव फोल वाटले, असे तो सांगतो.

३.३.५ दोन कवी आणि एक राणी

आता या दोन ग्रंथांची तुलना करू. बिल्हण आश्रयदात्यासाठी लिहितो, तर कल्हण आश्रयाशिवाय लिहितो. बिल्हण राजाचे अपकृत्य दैवी आज्ञेने झाकतो, कल्हण राजाचे वेड उघड करतो. बिल्हणाचा आदर्श कालिदासाचे महाकाव्य आहे, कल्हणाचे साधन जुने ग्रंथ आणि कोरीव लेख आहेत. तथापि कल्हणाचा ग्रंथही काव्यच आहे आणि त्याच्या आरंभीच्या तरंगांत दंतकथा बऱ्याच आहेत. म्हणून एक खोटा आणि दुसरा खरा अशी सोपी विभागणी करू नये. प्रत्येक ग्रंथ कोणी, कोणासाठी आणि कशाच्या आधारे लिहिला, हे विचारावे.

एका बाबतीत मात्र दोन्ही कवी सारखेच आहेत. बिल्हणाच्या काव्यात करहाटची राजकन्या ही राजाच्या विजयाची शोभा आहे. कल्हणाच्या ग्रंथात ती एक चित्र आहे. चालुक्यांच्या कोरीव लेखांत तिच्या कलानिपुणतेमुळे तिला ‘अभिनव सरस्वती’ म्हटले आहे, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे ती केवळ रूपवती नव्हती, विदुषीही होती. तिला सरस्वती म्हटले गेले, पण तिची वाणी आपल्यापर्यंत पोहोचली नाही. संस्कृत दरबारी साहित्याची ही मर्यादा आहे आणि मराठी प्रदेशाच्या इतिहासातही ती आपणास जाणवते.

३.३.६ दरबाराबाहेरचे स्वर

याच चालुक्य दरबारात, विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने ११२९ मध्ये ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. मराठी ओवीच्या इतिहासात हा उल्लेख आपण यापूर्वी अभ्यासला आहे. त्याचा संदर्भ आता नव्याने लक्षात घ्यावा. ज्या राजघराण्यात काश्मिरी कवीने राणीचे संस्कृत वर्णन केले, त्याच घराण्यातील राजाने उखळाशी गाणाऱ्या सामान्य स्त्रियांचे गाणे ऐकले होते. राणी मूक राहिली, पण कांडणारी बाई गात होती.

तेराव्या शतकात हे संबंध पुढे चालू राहिले. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजोबा भास्कर दक्षिणेत आला. शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी अधिकारी होता. त्याने रचलेला ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ भारतीय संगीतशास्त्राचा आधारग्रंथ आहे. याच सिंघणाने पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव करून कोल्हापूरचे शिलाहार राज्य संपविले.

३.३.७ लोकभाषेचा उदय : लल्लेश्वरी आणि तिच्यानंतर

चौदाव्या शतकात काश्मीरमध्ये लल्लेश्वरी होऊन गेली. तिला लल द्यद, म्हणजे लल आजी, असेही म्हणतात. मुसलमान समाज तिला लल्ला आरिफा या नावाने आदराने ओळखतो. तिच्या चार ओळींच्या रचनांना ‘वाख’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘वाच्’ अथवा ‘वाक्य’ याच्याशी संबंधित आहे. शैव तत्त्वज्ञान, योगसाधना, बाह्य कर्मकांडाचा निषेध आणि स्वतःच्या अंतःकरणातील शोध हे वाखांचे विषय आहेत. दृष्टांत मात्र घरातले आणि बाजारातले आहेत. नाव ओढणारा दोर, पिंजलेला कापूस, धोब्याचा दगड, शिंप्याची कात्री अशा वस्तूंमधून ती साधना समजावून देते.

तिच्या सासुरवासाच्या कथा लोकांत प्रसिद्ध आहेत. सासू ताटात दगड ठेवून त्यावर थोडासा भात वाढीत असे, म्हणजे पाहणाऱ्याला ताट भरलेले दिसे, अशी एक कथा आहे. दगडावर भात पसरणारी सासू महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्यांतही शोभली असती. अखेर तिने घर सोडले आणि ती साधिका झाली.

तिच्या काळाला जवळ असलेल्या राजदरबारी इतिहासग्रंथांत तिचा उल्लेख नाही. तिचे वाख लोकांच्या तोंडी राहिले. १९१४ मध्ये एका वृद्ध पाठकाच्या मुखातून ते लिहून घेण्यात आले आणि त्यांच्या आधारे ग्रिअर्सन व बार्नेट यांनी १९२० मध्ये ‘लल्लावाक्यानि’ हे संपादन प्रसिद्ध केले. म्हणजे सुमारे साडेपाचशे वर्षे हे काव्य मुख्यतः स्मरणशक्तीवर जगले. त्यामुळे कोणते वाख तिचे आणि कोणते नंतरचे, हा पाठनिश्चितीचा प्रश्न निर्माण होतो. जनाबाईच्या अभंगांबाबत हाच प्रश्न आपणास पडतो.

लल्लेश्वरीची तुलना बहिणाबाईंशी (१६२८–१७००) करता येईल. तुकारामशिष्या बहिणाबाई काही काळ कोल्हापूरला राहिल्या होत्या. जयरामस्वामींची कीर्तने त्यांनी येथे ऐकली आणि तुकोबांचा स्वप्नातील अनुग्रह त्यांना येथेच झाला. या काळात पतीकडून झालेली मारहाण त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितली आहे. लल्लेश्वरीचे दुःख आपणास दंतकथेतून कळते, बहिणाबाईंचे त्यांच्याच शब्दांतून. लल्लेश्वरीने घर सोडले, बहिणाबाईंनी संसारात राहून परमार्थ साधला. वाट वेगळी असली तरी दोघींनी एक गोष्ट सिद्ध केली. ज्ञान स्त्रीच्या तोंडून आणि घरच्या भाषेत बोलू शकते. करहाटच्या राणीला जे लाभले नाही, ते या दोघींना लोकभाषेमुळे लाभले.

लल्लेश्वरीनंतर शेख नूरुद्दीन अथवा नुंद ऋषी यांनी ‘श्रुक’ या रचनाप्रकारातून सूफी विचार मांडला. ‘श्रुक’ हे ‘श्लोक’ शब्दाचे रूप आहे. सोळाव्या शतकात हब्बा खातून आणि अठराव्या शतकात अरणिमाल यांनी ‘वचुन’ हा ध्रुपद असलेला गीतप्रकार विरहभावनेने समृद्ध केला. मोगलांनी १५८६ मध्ये काश्मीर जिंकले. परंपरेनुसार हब्बा खातूनचा पती युसूफशाह चक याला बंदिवास भोगावा लागला. तिच्या गीतांतील विरह लोक याच घटनेशी जोडतात.

एकोणिसाव्या शतकात महमूद गामी यांनी मस्नवी व गझल ही फारसी वळणे काश्मिरीत रुजविली, तर परमानंद यांनी भक्तिकाव्य लिहिले. फारसीशी असा संवाद मराठीतही झाला. ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५) रचणारे आणि ‘गज्जलांजली’ (१९३३) लिहिणारे माधव जूलियन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापक होते.

३.३.८ आधुनिक काळ

विसाव्या शतकात महजूर (मृत्यू १९५२) यांनी काश्मिरी कवितेत निसर्ग, श्रमिक आणि देशप्रेम आणले. अब्दुल अहद आझाद (१९०३–१९४८) यांनी कवितेबरोबरच काश्मिरी भाषा व काव्याचा इतिहास लिहिला. तो त्यांनी उर्दूत लिहिला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. स्वतःच्या भाषेचा इतिहास सांगण्यासाठी दुसरी भाषा वापरावी लागली, कारण काश्मिरीला दरबार, कचेरी आणि शाळा यांत दीर्घकाळ स्थान नव्हते. पूर्वी संस्कृत, मग फारसी, नंतर उर्दू अशा भाषांनी ती जागा घेतली होती. दीनानाथ नादिम (१९१६–१९८८) यांनी मुक्तछंद रूढ केला. रहमान राही (१९२५–२०२३) यांना २००४ या वर्षासाठीचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तो काश्मिरी भाषेला मिळालेला पहिला ज्ञानपीठ होय.

३.३.९ प्रभाव की साम्य?

ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त शिवसूत्राचा उल्लेख केला आहे. ‘शिवसूत्र’ हा काश्मीर शैव दर्शनाचा मूळ ग्रंथ. अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोका’च्या आरंभी मच्छंद या गुरूला वंदन केले आहे आणि अभ्यासक त्याला मत्स्येंद्रनाथ मानतात. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपराही मत्स्येंद्रनाथांपासून येते. या ठिकाणी प्रत्यक्ष उल्लेख आहे, म्हणून संबंधाविषयी बोलता येते. मात्र तो संबंध किती खोल, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

लल्लेश्वरी आणि जनाबाई यांच्यात असा कोणताही दुवा नाही. दोघींनी एकमेकींचे नावही ऐकले नसणार. त्यांच्यातील सारखेपणा समान परिस्थितीतून आला आहे. घरकाम, दास्य अथवा सासुरवास, ग्रंथाधिकाराचा अभाव आणि लोकभाषेचे माध्यम ही ती परिस्थिती. तौलनिक अभ्यासात पुरावा असेल तेथे ‘प्रभाव’ म्हणावे आणि तो नसेल तेथे ‘साम्य’ म्हणावे. साम्य हे प्रभावापेक्षा कमी प्रतीचे नसते. दूरच्या दोन स्त्रिया एकमेकींना न ओळखता सारखे बोलतात, यातून आपणास समाजाविषयी अधिक कळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘राजतरंगिणी’चे किती तरंग आहेत?
२. ओवीचा उल्लेख करणारा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ कोणी रचला?
३. ‘वाख’ हा रचनाप्रकार कोणाशी निगडित आहे?
४. काश्मिरी भाषेतील पहिले ज्ञानपीठ विजेते कवी कोण?

३.४ सारांश

काश्मीर आणि मराठी प्रदेश यांचे वाङ्मयीन संबंध प्राचीन आहेत. महाराष्ट्री गाथांनी काश्मीरच्या ध्वनिसिद्धांताला उदाहरणे पुरविली, तर प्रतिष्ठानशी निगडित बृहत्कथा काश्मिरी कवींनी जिवंत ठेवली. बिल्हणाने करहाटच्या राजकन्येला महाकाव्यात आणले आणि कल्हणाने तिच्या चित्राची कथा सांगितली. दरबारी साहित्यात तिला स्वतःचा आवाज मिळाला नाही. तो स्त्रीला मिळाला लोकभाषेत. काश्मीरमध्ये लल्लेश्वरी, हब्बा खातून, अरणिमाल आणि महाराष्ट्रात मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई ही त्याची उदाहरणे होत. ज्या भाषेला दरबारी मान नव्हता, तिनेच हे काव्य शतकानुशतके जपले. आपल्या घरची बोली साहित्याला पुरेशी नाही, असे ज्याला वाटत असेल, त्याने हा इतिहास लक्षात ठेवावा.

३.५ शब्दार्थ व पारिभाषिक शब्द

मांडलिक – सार्वभौम राजाच्या आधिपत्याखालील राजा.
प्रतिहारी – राजद्वारावरील अथवा अंतःपुरातील सेविका.
चरितकाव्य – ऐतिहासिक व्यक्तीच्या जीवनावर रचलेले काव्य.
ध्वनी – काव्यातील सूचित अर्थ.
काव्यसंकेत – परंपरेने रूढ झालेली वर्णनाची पद्धत.
पाठनिश्चिती – रचनेचे मूळ रूप ठरविण्याची प्रक्रिया.
मस्नवी – यमकबद्ध द्विपदींतील दीर्घ कथाकाव्य.

३.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. (ब) आनंदवर्धन. २. (क) नवव्या. ३. शिलाहार राजे स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत.

प्रश्न – २ : १. ‘राजतरंगिणी’चे आठ तरंग आहेत. २. ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचला. ३. ‘वाख’ हा रचनाप्रकार लल्लेश्वरीशी निगडित आहे. ४. रहमान राही हे काश्मिरी भाषेतील पहिले ज्ञानपीठ विजेते कवी होत.

३.७ सरावासाठी स्वाध्याय

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. ‘विक्रमांकदेवचरित’ आणि ‘राजतरंगिणी’ यांतील इतिहासदृष्टीची तुलना करा.
२. लल्लेश्वरी आणि बहिणाबाई यांच्या जीवनातील व काव्यातील साम्य-भेद स्पष्ट करा.

आ) टिपा लिहा.
१. बृहत्कथा आणि काश्मीर २. नवव्या सर्गातील स्वयंवर आणि काव्यसंकेत ३. प्रभाव आणि साम्य

३.८ क्षेत्रीय कार्य

१. आपल्या घरातील अथवा गावातील वयस्क स्त्रियांकडून जात्यावरच्या पाच ओव्या लिहून घ्या. गाणारीने ती ओवी कोणाकडून ऐकली, हे विचारा आणि एकाच ओवीची दोन रूपे मिळाल्यास दोन्ही नोंदवा. कोणते रूप ‘मूळ’ हे ठरविण्याची घाई करू नका.
२. आपल्या परिसरातील शिलाहारकालीन मंदिर अथवा शिलालेख पाहा. त्याविषयी गावात सांगितली जाणारी कथा आणि अभ्यासकांनी दिलेली माहिती स्वतंत्रपणे लिहा व त्यांतील फरकावर दहा ओळींचे टिपण तयार करा.